बांधलेले पाय

त्या वर्षी कोरडे दिवस संपता संपेनात. भुईमूग शेंगा धरायच्या आत करपला, घेवडा वेलावरच वाळला, ओढ्यातले मासे चिखलात गेले. कसाव्याला मात्र असल्या वर्षाचं फारसं सोयरसुतक नसतं. वर नुसत्या काड्या राहिल्या तरी खाली कंद तग धरून असतो. फक्त नेहमीपेक्षा जास्त कडू होतो. त्याच्यावरच गाव जगत होतं. दुपारी कसाव्याची पानं शिजवायची, संध्याकाळी कसाव्याच्याच पिठाचं घट्ट लुकू, आणि त्याच्याबरोबर लावायला मीठ असलं तर असलं.

पाऊस लागला की रस्ता जातो आणि रस्ता गेला की ट्रक येत नाहीत, म्हणून किन्शासा शहराचे व्यापारी वाळल्या कसाव्यासाठी हात धुऊन मागे लागले होते. बायका मेटाकुटीला आल्या होत्या. कंद ओढ्यातल्या खड्ड्यात घालायचा, बोटानं दाबला की पिकल्या केळ्यासारखा दबेपर्यंत पाण्यात ठेवायचा आणि मगच काढायचा, ही आज्या-पणज्यांची रीत. त्याला तीन रात्री लागतात. पण ट्रक वडाखाली उभा आणि ड्रायव्हर भोंगा वाजवतोय म्हटल्यावर तीन रात्री कोण थांबणार? बायका एका रात्रीतच टोपल्या उपसायच्या, हाताला दबत नसलेला कंद सुरीनं कापायच्या आणि चकत्या छपरावर उन्हात टाकायच्या. विकायला तेच आणि घरच्या उखळातही तेच. असं करा म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या करत होत्या आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

मातोंदोही त्यातलीच. तिची थोरली मुलगी लग्न होऊन गेली होती, घरात मधली कियेसे आणि धाकटा न्गोमा. कियेसे नऊ-दहा वर्षांची, भलती तुरतुरी. आईच्या मागे टोपली घेऊन ओढ्याची चढण चढताना ती नेहमी पुढे निघून जायची आणि वरून ओरडायची, "म्हातारी झालीस का गं?"

एके दिवशी सकाळी मातोंदोनं तिला हाक मारली, तर ती चटईवरून उठायला गेली आणि बसकण मारल्यासारखी खाली आली. आधी मातोंदोला वाटलं, सोंग करतेय. ओढ्यावर जायचं नसलं की पोरं पाय दुखतात म्हणून सांगतातच. तिनं दंड धरून उभी केली, तर पोरीचे गुडघे एकमेकांवर घासले, टाचा उचलल्या गेल्या आणि ती चवड्यांवर थरथरत राहिली. अंगाला ताप नव्हता. कुठे दुखतंय का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "दुखत नाही आई. माझं ऐकतच नाहीत पाय."

तिच्या बापानं, त्साकालानं, तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि नदीपलीकडच्या दवाखान्याकडे नेलं. नदीवरच्या पुलाच्या फळ्या केव्हाच कुजून गेल्या होत्या. सायकल अलीकडे ठेवून, पोरीला खांद्यावर घेऊन तो कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेला. दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. सावलीत बसलेल्या एका माणसानं सांगितलं, नर्स पगाराचं विचारायला शहरात गेलाय, त्याला बरेच दिवस झाले. मोठं इस्पितळ मोटरसायकलनं दोन दिवसांवर, आणि मोटरसायकलवाला आधी पेट्रोल भरून मागतो. त्साकाला संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पोरीच्या मुताचा ओला डाग होता. तिला वाटेत उतरवून बसवणं त्याला जमलं नव्हतं. त्यानं शर्ट काढून कुडावर टाकला आणि तो बाहेर जाऊन बसला.

राहिला फोन. त्साकालाकडे काच तडकलेला एक फोन होता, गाणी ऐकण्यापुरता. मीठवाल्याच्या टपरीवर उन्हावर चालणाऱ्या सौर पाटीला लावून तो भरून आणायचा आणि टेकडीवर जळक्या बुंध्यापाशी उभं राहायचं, म्हणजे त्यात रेंज येई. त्साकालाचं फ्रेंच रस्त्याच्या कामावर मुकादमाच्या शिव्या खात शिकलेलं. त्यानं मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, मुलीचे पाय चालत नाहीत, काय करू. फोननं त्याला एवढं सांगितलं की माणूस गोंधळून जावा. एका ठिकाणी हाड सरकलं असेल म्हणून लिहिलं होतं. एक शहरी पाद्री पडद्यावर हात ठेवा म्हणत होता, आणि एकजण बाटलीतलं तेल विकत होता.

त्यानं आधी हाडाचं धरलं. ताडाच्या फांदीच्या पट्ट्या काढल्या आणि पोरीचे पाय सरळ करून घट्ट बांधले. कियेसेला ते मुळीच सोसेना. पट्ट्या सोडल्या तेव्हा पाय आधीपेक्षा ताठ वाटले. मग तो पुन्हा टेकडीवर गेला आणि या खेपेला पोलिओ घेऊन आला. पोलिओ एकाचा दुसऱ्याला लागतो, असं फोनमध्ये होतं. म्हणून न्गोमाला तिच्यापासून तोडलं आणि कियेसेची चटई शेळीच्या आडोशाला हलवली. तिला जेवण द्यायचं तर मातोंदोची सासू ताटली लांबून काठीनं सरकवायची. मातोंदोला ते बघवत नव्हतं, पण फोनमध्ये लिहिलंय म्हटल्यावर काय बोलणार.

गावात त्या दुखण्याला स्वतःचं नाव होतं, पण ते कुणी मोठ्यानं घेत नसे. कोंझो. हरणाचे पाय जागच्या जागी बांधले जावेत म्हणून शिकारी वाटेत पुरून ठेवत, त्या मंतरलेल्या पुरचुंडीचं ते नाव. माणसाचे पाय असे बांधले गेले की तेही कुणीतरी बांधलेले असतात, आणि पोरांचे पाय बांधायची ताकद असते ती मामाची. आईच्या भावाचा आशीर्वाद फळतो, तसाच त्याचा रागही लागतो. फोनला हे नाव विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. फोन शहराचा, त्याला गावची भानगड काय कळणार? आणि ते नाव तोंडातून काढलं की ते दुसरं घर धरतं, असं सासू म्हणायची.

मामा लांब नव्हता. मातोंदोचा थोरला भाऊ म्बुकु, बायको वारल्यावर बहिणीच्या गावी येऊन गावाच्या कडेला झोपडी घालून राहिला होता. ताडावर चढायचा, ताडी काढायचा आणि जो भेटेल त्याला पाजायचा. गावानं त्याला राहू दिलं होतं, आपलं मानलं नव्हतं. थोरल्या भाचीच्या लग्नात मामाच्या मानाची शेळी त्साकालानं दिली नाही. पुढच्या वर्षी देतो म्हणाला. म्बुकुनं तेव्हा हातातला पेला न पिता जमिनीवर ओतला आणि तो मांडवातून उठून गेला. सगळ्या गावानं ते पाहिलं होतं.

पोरीचं कळल्यावर म्बुकु ताडीचा भोपळा घेऊन दारात आला. सासू उखळापाशी होती. तिनं मुसळ आडवं धरलं.

"बघायला आलास होय, गाठ नीट बसली का ते?"

म्बुकु तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मातोंदोकडे पाहिलं, आणि मातोंदोनं मान खाली घातली. तो भोपळा उंबऱ्याशी ठेवून निघून गेला. सासूनं तो ओतून दिला. खरं सांगायचं तर मातोंदोलाही तसंच वाटत होतं. ओतलेला पेला तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. सख्खा भाऊ, तिच्या पोरीला खांद्यावर बसवून ताडाखाली नेणारा, आणि तिनं त्याला बस म्हणायचं धाडस केलं नाही. गावाच्या मुखियानं दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक बोलावली होती. बैठकीत मामानं पांढरी माती पोरीच्या गुडघ्यांना लावायची आणि माझ्या तोंडून गेलं असेल ते मी मागे घेतो, असं म्हणायचं. एवढं केलं की गाठ सुटते. पण जो माती लावतो त्यानं कबूल केलं असं होतं, आणि कबूल करणाऱ्याला गाव ठेवून घेत नाही.

त्या दुपारी मातोंदो ओढ्यावर टोपली उपसत होती. कंद हाताला दगडासारखा लागला. तिनं सवयीनं सुरी काढली. चकत्या करता करता तिला वाटलं, आपण एकदा विचारून बघावं. मिशनच्या शाळेत ती चार वर्षं गेली होती. नवऱ्यापेक्षा तिचं वाचणं बरं होतं, पण घरात ते कुणी मोजत नसे. घरी येऊन तिनं कुडातला फोन घेतला, सरपणाला जाते म्हणून सांगितलं आणि टेकडी चढली.

पायांचं विचारलं, तर पुन्हा तोच पोलिओ आणि तोच पाद्री. तिनं इकडेतिकडे पाहिलं. टेकडीवर वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. मग जीभ चावल्यासारखं करून तिनं गावचं ते नाव, कानाला लागतं तसं, एकेक अक्षर दाबत लिहिलं.

फोनला ते माहीत होतं.

पहिल्यांदा एक फोटो आला. दोन पोरं काठ्यांवर उभी, गुडघे एकमेकांवर चढलेले, टाचा उचललेल्या, अगदी कियेसेसारखी. त्यांच्या मागे एक छप्पर होतं आणि छपरावर पांढऱ्या चकत्या वाळत होत्या. त्या सुरीनं कापलेल्या आहेत हे तिला लगेच ओळखू आलं. नीट भिजलेला कंद हातानं मोडतो, त्याच्या अशा गुळगुळीत चकत्या होतच नाहीत.

खालचं ती बोट ठेवून वाचू लागली. काही शब्द अडले ते सोडून दिले. ताप नसतो. दुखत नाही. दोन्ही पाय एकाच वेळी जातात. कडू कसावा पुरता भिजवला नाही की त्यातलं विष पिठात राहतं. दुष्काळात विष वाढतं, आणि जोडीला मासे, मांस, शेंगा नसल्या तर ते अंगावर येतं. बायकापोरांना जास्त. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण घरात सगळे तेच खात असतील तर आणखी कुणाला होऊ शकतं. गेलेली ताकद परत येत नाही. पाय आणखी बिघडतही नाहीत. हे शेवटचं तिनं तीनदा वाचलं, दुसरा काही अर्थ निघतो का म्हणून.

तेवढ्यात फोन विझला. ती बुंध्याला टेकून खाली बसली. आधी तिला हलकं वाटलं, दादानं काही केलेलं नाही. आणि मग ते मनात उतरलं, की मग केलं कुणी. तिनं आपले हात बघितले. त्यांना अजून कंदाचा आंबट वास येत होता. ती रडली, फोनला शिव्या दिल्या, ट्रकला दिल्या, आणि हे आपल्याशिवाय कुणी वाचलेलं नाही हेही तिच्या मनात येऊन गेलं. गप्प राहिलं तर उद्या मामा माती लावेल, निघून जाईल, आणि आपलं घर जागेवर राहील. हे मनात आलं म्हणून तिला स्वतःची किळस आली. उतरताना तिनं सरपण गोळा केलं, कारण रिकाम्या हातानं गेली असती तर सासूनं विचारलं असतं.

सकाळी आंब्याखाली बैठक बसली. पुरुष खुर्च्यांवर, बायका जमिनीवर. कियेसेला पाटावर बसवून मधे आणून ठेवलं होतं. ती एवढ्या माणसांत पाय लपवायला बघत होती आणि पाय लपत नव्हते. समोर वाटीत पांढरी माती. म्बुकु तिच्या पलीकडे उकिडवा बसला होता, धुतलेला शर्ट घालून.

मुखियानं त्याला विचारायच्या आधी मातोंदो पुढे आली. बाईनं बैठकीत बोलायचं तर गुडघे टेकायचे, तिनं टेकले. दादानं काही केलेलं नाही, असं ती म्हणाली. काल टेकडीवर फोनला विचारलं, कोंझो कसावा न भिजवल्यानं होतो, मी तीन रात्रींऐवजी एका रात्रीत काढला आणि पोरीला घातला. नाव ऐकून बायकांनी तोंडावर हात धरले. मुखियानं फोन मागितला. फोन विझलेला होता. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि शेजारच्याला दिला, शेजारच्यानं पुढच्याला, आणि कुणीतरी हसलं.

सासू उठून उभी राहिली. "म्हणजे तुझ्या हातानं तू माझ्या नातीला विष घातलंस?"

"हो."

"आणि मला? माझ्या न्गोमाला?"

"सगळ्यांनाच," मातोंदो म्हणाली. "मीही तेच खाल्लं."

तिनं बायकांकडे पाहिलं. एकीनं तरी म्हणावं, आम्हीही एका रात्रीत काढतो. सगळ्यांच्या माना खाली होत्या. शेवटी शेजारची न्सिंबा बोलली, तीही जमिनीकडे बघत. तिच्या घरी हेच पीठ शिजतं आणि तिची पोरं चालतात, पळतात. मग एकट्या कियेसेचेच पाय कसे धरले? याचं उत्तर फोनमध्ये असेलही, पण तिथवर मातोंदो पोचली नव्हती.

त्साकाला तिच्याकडे बघत नव्हता. तो मुखियाकडे तोंड करून म्हणाला की हे खरं असेल तर अशा बाईच्या हातचं आम्ही कसं खायचं, तिला तिच्या बापाच्या गावी पाठवा. दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मुखियानं घसा साफ केला. तो काय बोलणार ते सगळ्यांना कळलं होतं.

म्बुकु उठला.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. "बहीण आहे, मला वाचवायला बघतेय. त्या दिवशी मी पेला ओतला तो तुम्ही पाहिलात. माझ्या मनात वाईट होतं."

"दादा, नाही," मातोंदो म्हणाली, पण तिच्याकडे आता कुणीच बघत नव्हतं.

त्यानं दोन बोटं मातीत बुडवली आणि कियेसेच्या एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या गुडघ्यावर पांढरी रेघ ओढली. म्हणायचे ते शब्द म्हणाला. पोरीनं त्याच्याकडे बघून विचारलं, "मामा, आता उठू?" तो म्हणाला, "दमानं गं बाई, दमानं." बैठकीत सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. सासू रडायला लागली, खरोखरीचं रडायला लागली. दिवस मावळायच्या आत मामानं गाव सोडावं, असं ठरलं.

मातोंदोनं त्याला गावाबाहेरच्या वाटेवर गाठलं. त्याच्या खांद्याला ताडावर चढायचा वेताचा पट्टा होता आणि हातात दोन भोपळे. तो थांबला नाही, म्हणून ती शेजारून चालत राहिली.

"तुला खोटं वाटलं का मी सांगितलेलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कशाला लावलीस माती? आता कुठेही गेलास तरी तुझं नाव तुझ्या आधी पोचेल."

त्यानं भोपळे दुसऱ्या हातात घेतले. "फोननं आणखी काय सांगितलं? पोरगी चालेल?"

"काठी घेऊन चालेल. पहिल्यासारखी नाही चालणार."

तो चालता चालता म्हणाला, "आणि न्गोमाचं काय?"

"कंद नीट भिजवला तर त्याला काही होणार नाही."

"झालं तर मग." तो थांबला. "तुला हाकलली असती तर त्या घरात कंद कुणी भिजवला असता, मातोंदो? म्हातारीनं? मी काय, ताडी कुठेही निघते."

तिला त्याचे पाय धरायचे होते. ती तिथेच उभी राहिली. त्या दिवशी दारात बस म्हणाले नाही, एवढंच तिनं कसंबसं सांगितलं. त्यानं ते ऐकलं आणि मान हलवली. "जा आता. अंधार पडायच्या आत घरी जा." उताराला तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत होती.

ती घरी न जाता ओढ्यावर गेली. पिठाचं मडकं सकाळीच तिनं उकिरड्यावर पालथं केलं होतं. टोपलीत नवे कंद काल दुपारी घातलेले. तिनं हात घालून एक दाबून पाहिला. कडक होता. ती काठावर बसून राहिली. त्साकाला चढणीवर येऊन उभा राहिला आणि म्हणाला की चूल थंड आहे, न्गोमा भुकेनं रडतोय, म्हातारी तोंड सोडून बोलतेय.

"पानं उकळून घालते आत्ता. लुकू परवा," ती म्हणाली.

"तोवर काय त्यानं रडायचं?"

"रडू दे."

तो हात उगारायच्या बेतात होता. मग तसाच वळला आणि वर गेला.

वडाखाली ट्रकनं भोंगा वाजवला. एकेक बाई लगबगीनं ओढ्यावर आली, टोपली उपसून गेली. मातोंदोशी कुणी बोललं नाही. तिच्या बाजूनं जाताना पदर आवरल्यासारखं कापड आवरून घेतलं. सगळ्यांच्या शेवटी न्सिंबा आली. तिनं आपल्या खड्ड्यावरचा दगड बाजूला केला, टोपली ओढून वर घेतली आणि पाणी निथळेपर्यंत धरून उभी राहिली. पुन्हा भोंगा वाजला. तिनं एक कंद उचलून दाबला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. मग मागे वळून चढण रिकामी आहे ना, ते पाहिलं.

"किती रात्री म्हणालीस?" मातोंदोकडे न बघता तिनं विचारलं.

"तीन."

न्सिंबानं टोपली पुन्हा पाण्यात सोडली आणि तिच्यावर दगड ठेवला.